सरकारी फोटोसाठी फोडलेलं दार

आमचं घरकुल आईच्या नावावर मंजूर झालं, आणि आईला घरापेक्षा घराचं तोंड कुठं करायचं याचीच काळजी लागली. इंजिनिअरने रिकाम्या जागेचा पहिला फोटो शेजारच्या थोरल्या काकूच्या अंगणातून काढला होता, कारण दार तिकडेच येणार होतं. पण पाया खोदायच्या आधीच काकूच्या कोंबड्यांनी आईचे वाळत घातलेले सांडगे टोचले, आणि दोघी जावांचं बोलणं बंद झालं. आईने दार उलट्या बाजूला घ्यायला लावलं. गवंड्याला वडिलांनी कारण सांगितलं, वास्तुशास्त्र. ते वास्तुशास्त्र चुलीपुढे बसून भाकरी थापत होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी बीडच्या वसतिगृहातून घरी आले, तेव्हा भिंती लिंटलपर्यंत, म्हणजे दारा-खिडक्यांवरच्या काँक्रीटच्या पट्टीपर्यंत आल्या होत्या. चार दिवसांनी आईवडील ऊसतोडीच्या गाडीत बसणार होते. त्याआधी तपासणी झाली तर पुढचा हप्ता मिळणार आणि त्यांच्या मागे गवंडी स्लॅब टाकणार. नाहीतर घर उन्हाळ्यापर्यंत तसंच उघडं, आणि परतल्यावर पुन्हा पत्र्याचं खोपट.

इंजिनिअर आला तो मोबाईल घेऊन थेट काकूच्या अंगणात.

"दार कुठाय?"

"पलीकडं हाय साहेब," वडील म्हणाले.

"पहिला फोटो इथनं हाय. दार न् लिंटल याच बाजूनं दिसाय पायजे. परवा येतो."

घर फिरवलं तर कुणाला कळवायचं असतं, हे आमच्या कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. वडिलांनी घण उचलला आणि काकूच्या बाजूची लिंटलखालची भिंत दारापुरती फोडली. "फोटो झाला की बुजवतो," ते म्हणाले. आई तोंड फुगवून बसली.

ठरल्या दिवशी इंजिनिअर आला, तर काकूने अंगणात फोटो काढायच्या नेमक्या जागी बाजरी वाळत घातलेली. वडिलांनी विनवलं, पण ती त्यांच्याकडे बघेना.

"जिचं घर हाय तिनं बोलावं," ती बाजरीला म्हणाली.

इंजिनिअर गाडीची किल्ली काढू लागला. आई त्या भगदाडात ओठ आवळून उभी. मला तर तिला ढकलूनच द्यावंसं वाटत होतं. शेवटी ती पुटपुटली, "आक्का, जरा बाजरी सरकवता का?"

"सरकवते की. आधी डोक्यावर पदर नीट घे. फोटो सरकारात जायचाय."

तपासणी पास झाली. संध्याकाळी वडील विटा घेऊन भगदाड बुजवायला गेले, तर आई आडवी आली.

"बुजवताय कावून? आपण तिकडं ऊस तोडताना स्लॅबला पाणी कोण मारंल? आक्कानं काय साऱ्या गावाला वळसा घालून यायचं?"

"वहिनीला विचारलंस का?"

विचारलं नव्हतं. पण पलीकडून काकूच ओरडली, "सकाळ-संध्याकाळ मारीन! पाइप तेवढा ठेवून जा."

इतक्या वर्षांत गाडी निघताना आई कधी रडली नव्हती. यंदा मात्र न लागलेल्या त्या विटांच्या ढिगावर काकूशेजारी बसून लई रडली.