पोर धुऊन झाल्यावर

"गू काढलास ते ब्येस केलंस. पर कडंवर का घेतलंस?"

थोरल्या पाटलीणबाईंनी मला असं विचारलं. आमची बालवाडी भरायची त्या चावडीमागच्या खोलीच्या दारात उभं राहून, पदर नाकाला लावून. त्यांचा नातू दिनू माझ्या कडेवर होता. तीन वर्षांचा. सकाळपासून त्याचं पोट बिघडलेलं होतं, आणि गाणं म्हणता म्हणता तो बसल्या जागी घाण करून बसला होता. सगळी पोरं नाक धरून लांब पळाली. मी त्याला उचलून मागच्या बाजूला नेलं, धुतलं, माझ्याच पदरानं पुसलं. थंडीचे दिवस. पोर कुडकुडायला लागलं म्हणून कडेवर घेतलं. त्यानं माझ्या खांद्यावर डोकं टाकलं आणि अंगठा तोंडात घातला.

"खाली ठेव त्याला."

मी ठेवलं. तो रडायला लागला, माझं लुगडं धरायला लागला. पाटलीणबाईंनीही त्याला लगेच हात लावला नाही. गड्याला हाक मारून पाणी मागवलं, चुलीतली राख मागवली. आणि मी नुकत्याच धुतलेल्या पोराला त्यांनी पुन्हा घासायला घेतलं. गार पाण्यानं.

मी बघत होते. जिथं घाण लागली होती तिथं त्यांनी नुसतं पाणी ओतलं. राख घासली ती कंबरेला, मांडीच्या खालच्या बाजूला, खांद्याला, गालाला. जिथं जिथं त्याला धरताना माझं अंग लागलं होतं तिथं. गाल लाल झाला. पोर किंचाळत होतं.

बाकीची पोरं दारात जमून बघत होती. त्यांतली चंपी माझं बोट धरून उभी होती. पाच वर्षांची, सुताराची. सगळ्या वर्गात माझा सगळ्यात जास्त जीव तिच्यावर. तिनं एकदा पाटलीणबाईंकडं बघितलं. एकदा माझ्याकडं. मग माझं बोट सोडलं आणि तो हात परकराला पुसला.

तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. बघून शिकली.

मला शिसारी आली. चंपीची नाही. त्या राखेची, त्या लाल झालेल्या गालाची, पदराआडून बघणाऱ्या त्या डोळ्यांची.

मी शिवऱ्याच्या महारवाड्यातली. बाप सडकेच्या कामावर खडी फोडायचा. त्यानं मला सातवीपर्यंत शिकवलं. लग्न झालं, ते टिकलं नाही. माहेरी आले तेव्हा भोर संस्थान जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती आणि गावोगावी बालवाड्या निघायला लागल्या होत्या. पुण्याच्या बाजूला एका शिबिरात बालवाडीच्या बायांना शिकवत होते. बाप म्हणाला, "जा. खडी फोडण्यापरीस बरं." मी गेले.

तिथं खूप शिकले. रडणाऱ्या पोराला गप्प कर म्हणून दटावायचं नाही, त्याच्या हातात काहीतरी काम द्यायचं. पोरं गोंगाट करायला लागली की आपला आवाज खाली आणायचा. नखं कशी कापायची, उवा कशा काढायच्या, चिंचोक्यांवर मोजायला कसं शिकवायचं. आमच्या शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, लहान पोराला आधी माणसाचं अंग लागतं, मग अक्षर. मला ते फार पटलं होतं. पुढं त्याच गोष्टीवर सगळं अडलं.

मला नसरापुराकडच्या एका गावात नेमलं, घरून रोज चालत जाऊन-येऊन करण्याजोगं. बालवाडी चालवणारी मंडळी भोरातली. तिथल्या एका वकिलांच्या पत्नी अध्यक्षा होत्या. सगळे त्यांना वकीलीणबाई म्हणायचे. हरिजन शिक्षिका ठेवली तर वरून मदत लवकर मिळते, हे मला नंतर कळलं. मला वाटलं होतं, माझी गाणी ऐकून निवडलं.

सुरुवातीचे आठ-पंधरा दिवस नुसती रड. एक पोर रडलं की सगळी रडायची. दिनू दाराच्या चौकटीला धरून बसायचा, सोडायचा नाही. मी त्याला हात धरून ओढलं नाही. त्याच्याशेजारी जाऊन बसायचे आणि मातीच्या गोळ्या वळायचे. एक दिवस त्यानंच हात पुढं केला. म्हणाला, "मला बी." त्या दिवसापासून तो आत बसायला लागला. महारवाड्यातली तीन पोरं यायची, ती दारापाशी बसायची. त्यांना मी हळूहळू आत सरकवलं. पोरांच्या ते ध्यानातही आलं नाही. एकमेकांच्या अंगावर पडायची, एकमेकांच्या शेंबडाला हसायची. पाणी तेवढं गावातली वरच्या जातीची एक बाई येऊन वाढून जायची. माठाला मी हात लावायचा नव्हता. ते मी गिळलं होतं.

त्या राखेनंतर मात्र वकीलीणबाई भोराहून एसटीनं आल्या. बरोबर त्यांची भाची होती, कुसुम. अठरा-एकोणीस वर्षांची. पाटलांच्या ओसरीवर सगळे बसले. मी अंगणात उभी.

"हे बघ, तू समजूतदार आहेस," वकीलीणबाई म्हणाल्या. "आम्ही कुणी हे मानत नाही. पण गावाच्या कलानं घ्यावं लागतं. तर आता असं करू. मुलांची स्वच्छता तू बघायचीस. नाक, डोळे, शी-शू, उवा. तेवढं तुझ्याकडे. ते झालं की मुलं कुसुमच्या ताब्यात. गाणी, गोष्टी, चिंचोके ती बघेल."

"आणि म्या काय करायचं?" मी विचारलं. घाबरले की माझ्या तोंडून घरची भाषा यायची.

"सांगितलं ना. घाण काढायची."

पाटलीणबाई ओसरीवरून म्हणाल्या, "घाणीला तिचा हात लागला तर काय न्हाई. सोच्छ झाल्यावर न्हाई लावायचा."

कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. चहा आला. त्यांना कपातून, मला करवंटीतून. मी निघाले.

पुढचे दिवस कसे काढले ते आठवलं तरी तोंड कडू होतं. मी मागच्या बाजूला पाण्याच्या बादलीपाशी. कुसुम आत खुर्चीत. तिला पोरांचा राग यायचा. शेंबडं पोर जवळ आलं की ती ओरडायची, "हिच्याकडे जा!" पोर माझ्याकडं यायचं. मी पुसायचे. पुसलं की आत पाठवायचे. पोरांच्याही अंगवळणी पडलं. घाण झाली की माझ्याकडं, साफ झालं की तिकडं. दिनू पहिल्यांदा माझ्यापाशी रेंगाळायचा. मग तोही रेंगाळायचा बंद झाला. चंपी मला बाई म्हणायची, ती आता "ए" म्हणायला लागली. कुसुमचं ऐकून.

मला शी-शूची किळस कधी आली नाही. आजही येत नाही. पोराच्या डोक्यातली लीख, कानातला पू, ढुंगणाची घाण, सगळं या हातांनी काढलं. पण आतून कुसुमचा आवाज आला की माझ्या पोटात मळमळायचं. घरी भाकरी उतरायची नाही. आई म्हणायची, "काय खाल्लंस गं बाहीर?" तिला काय सांगणार.

मग पुण्याहून सरकारी साहेब बालवाडी बघायला येणार असं कळलं. खोली सारवली. कागदाच्या पताका लावल्या. मला निरोप आला, पांढरं लुगडं नेसून ये. भोराहून फोटोवाला आला होता, तीन पायांचा कॅमेरा आणि काळं फडकं घेऊन.

साहेब आले. वकीलीणबाईंनी माझ्या खांद्याला हात लावला. पहिल्यांदाच. "या आमच्या हरिजन शिक्षिका. सगळी मुलं यांच्याकडेच असतात." साहेब म्हणाले, "वा, वा." कुसुम मागं भिंतीला जाऊन उभी राहिली, तिला आधी सांगून ठेवलेलं असावं. मला तिच्या खुर्चीत बसवलं. वकीलीणबाई म्हणाल्या, "दिनूला मांडीवर घे. पाटलांचा नातू तुझ्या मांडीवर, किती छान दिसेल. आणि जरा हसतमुख राहा."

मी पाटलीणबाईंकडं बघितलं. त्या दारातच होत्या. म्हणाल्या, "फोटूपुरतं चालंल."

फोटूपुरतं.

दिनूला माझ्यापुढं आणून उभं केलं. मी हात पुढं केले. तो आला नाही. त्यानं मान वळवून आधी आजीकडं बघितलं. तीन वर्षांचं पोर. माझ्याकडं यावं की नाही हे आजीच्या डोळ्यांत शोधत होतं. आजीनं मान हलवली. मग तो आला, माझ्या गुडघ्यावर अवघडून बसला. पाठ माझ्या अंगाला लागू नये म्हणून पुढं वाकून.

त्याला ते कुणी शिकवलं असेल? घरात कुणीतरी बसून शिकवलं असणार. असं बस, तसं बसू नको. जसं मी त्याला गोळ्या वळायला शिकवलं तसं.

फोटोवाल्यानं फडक्यात डोकं घातलं.

मी विचारलं, "फोटू झाल्यावर ह्याला आंघोळ कोण घालणार?"

साहेबांना कळलं नाही. "काय म्हणताहेत या?"

वकीलीणबाई हसल्या. "काही नाही, बोलायची तऱ्हा आहे तिची."

मी मोठ्यानं म्हणाले, "साहेब, ह्या पोराला मी धुतलं की ह्याची घाण जाते. आणि कडेवर घेतलं की ह्याला घाण लागते. मग राखेनं घासून काढतात. आज मांडीवर बसवलंय. मला विचारायचंय, आज राख कोण आणणार? आधी आणून ठेवलीय का?"

फोटोवाल्यानं फडक्यातून डोकं बाहेर काढलं. साहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं. माझ्याकडं बघितलं नाही. वकीलीणबाईंना म्हणाले, "हे आपसात मिटवून घ्या." आणि गाडीकडं चालू लागले.

त्यांचीही मला तेवढीच किळस आली. कदाचित जास्त.

मी दिनूला उचलून खाली ठेवलं. हळू ठेवलं. त्याचा त्यात काही दोष नव्हता.

गाडी गेल्यावर वकीलीणबाई कडाडल्या. चेहरा लाल झालेला. "तुला उकिरड्यावरून उचलून इथं आणलं. हेच फळ? पाटलीणबाईंची माफी माग आणि उद्यापासून मुकाट्यानं आपलं काम कर. नाहीतर घरी बस."

मी पदर खोचला.

"ज्या पोराला मी धुईन त्याला मी मांडीवर घेईन. त्याला गाणं मी शिकवीन. मांडीवर घेऊ देणार नसाल तर धुवायला तुमी या. माफी न्हाई."

"मग चालती हो."

झाले. कुसुम दारात उभी होती. माझी वाट सोडून बाजूला सरकली. तेवढ्यात एका पोरानं आत घाण केली. कुसुमनं सवयीनं मला हाक मारली, "अगं ए!" मी मागं वळून बघितलं नाही. पोराचं वाईट वाटलं. त्याचं आजही वाटतं. तरी वळले नाही.

घरी आईनं कपाळावर हात मारला. "पाया पड जा त्यांच्या. एवढी चांगली नोकरी." बाप हातावरचे घट्टे खाजवत बसला. मग म्हणाला, "पाया बिया न्हाई पडायचं." आणि भाकरी मागितली.

वर्षभर कुठं काम मिळालं नाही. माझं नाव पसरलं होतं. उद्धट बाई. मी बापाबरोबर खडी फोडली. मग वेल्ह्याकडच्या एका वाडीत बालवाडीला कुणी बाई टिकत नाही असं कळलं. शिबिरातल्या बाईंनी माझं नाव सुचवलं. वेल्ह्यापर्यंत एसटी, पुढं डोंगरातून चालत. समोर तोरणा. मेंढरं-गुरं राखणाऱ्यांची वाडी.

पारावर वाडीतली वडीलधारी मंडळी बसली होती. पोरं त्यांच्या मागं लपून माझ्याकडं बघत होती. शेंबडी, केस गुंतलेली, एकाच्या अंगात नुसता सदरा. मी पिशवी खांद्यालाच ठेवून उभी राहिले.

एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बाई, तुमची जात कंची?"

"महार."

कुणीतरी खाकरलं.

गप्प राहून ते मला हळूहळू कसं वागवतील, पाण्याचं काय ठरवतील, बसायचं कुठं ठरवतील, हे सगळं मला माहीत होतं. या वेळी मी त्यांना ठरवू दिलं नाही.

मी म्हणाले, "आधी माझं ऐका. पाण्याच्या माठाला मी हात लावणार. पोरांना पाणी मी देणार. सगळी पोरं एका ओळीत बसणार, कुणाचीही असोत. रडलं तर मी उचलून घेणार. आणि माझ्यामागं घरी नेऊन पोराला राखेनं घासलेलं मला दिसलं, तर मी त्याच दिवशी इथून जाणार आणि का गेले ते वेल्ह्याच्या बाजारात उभं राहून सांगणार. कबूल असंल तर पोरं आत पाठवा. नसंल तर आत्ताच सांगा. शेवटची एसटी अजून गेलेली न्हाई."