हाताळण्यास सुरक्षित

“उतर खाली. बघून ये, का फुटला न्हाई.”

सर हे मला म्हणाले. विहिरीपासून लांब, बांधावरच्या कडुलिंबाखाली उभं राहून. हातात गरम हुरडा. शेजारी माझा प्रबंध तपासणारे पाहुणे परीक्षक.

सर म्हणजे माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक. धावड्याकडं त्यांची शेती, तिथं नवी विहीर चालली होती. मला निरोप आला होता, रविवारी शेतावर ये, परीक्षकांशी ओळख करून देतो, शेवटच्या प्रकरणावर बोलू. मी इस्त्रीचा शर्ट घातला, कागद पिशवीत घेतले आणि भोकरदनहून जीपला लोंबकळत आलो.

ओळख करून दिली ती अशी. “हा आमचा स्फोटकांचा विद्वान. जातीनं वडार. याचा बाप विहिरी फोडायचा, हा रेणू फोडून राह्यला. धंदा तोच.” पाहुणे हसले. मीही हसलो.

विहिरीवर टोळी माझ्याच मामाची. सरांना हे माहीत होतं, मला नव्हतं. खडकात पाच भोकं, पाचात जिलेटिन, पाच वाती. वाती पेटवून वर यायचं आणि आवाज मोजायचे. आमच्यात लेकरू नीट बोलायच्या आधी हे शिकतं. चार आवाज झाले. पाचवा आलाच नाही. मामानं डोक्याचा पटका सोडला, जमिनीवर अंथरला आणि त्यावर बसला. याचा अर्थ, आज कुणी उतरणार नाही.

“उद्या बघू, मालक,” मामा म्हणाला. “पाचवा बार जिता हाय आत.”

“पाहुण्यांसमोर काम बंद करता काय? अन् हा शिकलेला उभा हाय न इथं.”

आणि मग ते वाक्य. उतर खाली.

ते वाक्य माझ्या ओळखीचं होतं. घनसावंगीकडच्या एका मळ्यात माझ्या बापाला असंच सांगितलं होतं. बा उतरला. मालकाला नाही कसं म्हणायचं? त्याचे दोन्ही डोळे त्या विहिरीत राहिले. पुढं विहिरीला पाणी लागलं तेव्हा मालकानं गावात पेढे वाटले, आमच्या पालावरही पाठवले. आम्ही पोरांनी ते खाल्ले. भूक होती.

म्हणून तर मी हा विषय धरला होता. पिंजऱ्यासारखे रेणू. आठ कार्बन, ठोकळ्याच्या आठ कोपऱ्यांवर. कार्बनला आपले हात ऐसपैस पसरायला लागतात, इथं त्याला काटकोनात कोंबलेलं असतं. तो ताण आत साचून राहतो. बंध तुटला की सगळा एकदम बाहेर. कोणता बंध आधी तुटेल, किती जोर निघेल, हे मी कॉम्प्युटरवर काढत होतो. विभागात एकच बरा कॉम्प्युटर. वीज गेली की चाललेलं गणित पाण्यात. पुन्हा पहिल्यापासून.

सुट्टीत घरी गेल्यावर बानं विचारलं होतं, “काय करून राह्यला रे तू तिथं?”

“स्फोटकं बघतो, बा.”

“मंग खाली कोण उतरतं?”

“कुणीच न्हाई. मशीनवर, गणितात फुटतं.”

बा म्हणाला, “हे बराबर काम हाय.” एवढ्या शब्दांवर मी ते सगळं लोडशेडिंग सोसलं.

आणि आता मी विहिरीच्या काठावर उभा. खाली धूर. मामा माझ्याकडं बघतही नव्हता, भाच्याला त्याच्या सायबासमोर ओळख दाखवायला लागू नये म्हणून. मी कागदांची पिशवी छातीशी आवळली. संतापानं. खोटं कशाला बोलू, भीतीनंही.

“सर, मी उतरणार नाही. घाई असेल तर तुम्ही उतरा.”

हुरडा भाजणाऱ्या गड्याचाही हात थांबला. सर पाहुण्यांकडं बघून म्हणाले, “बघा, दोन बुकं शिकला की माज येतो.” मी मामाच्या पटक्यावर जाऊन बसलो, इस्त्रीच्या शर्टासकट. मामा जरा सरकला. परीक्षक हुरडा खात राहिले.

सोमवारी सरांनी शेवटचं प्रकरण माझ्यापुढं टाकलं. खाली त्यांच्या हातची एक ओळ वाढवलेली. इंग्रजीत होती. अर्थ असा, की हा रेणू हाताळण्यास सुरक्षित आहे.

“कालचं मी विसरतो. ही ओळ ठेव, सही करतो. याशिवाय पुढं अनुदान मिळत नाही.”

“सर, हे गणित एकट्या रेणूचं आहे, निर्वात पोकळीतल्या. आपण मांडलेला हा नवा रेणू अजून कुणी बनवलेलासुद्धा नाही. सुरक्षित कसं म्हणायचं?”

“तुला काय करायचंय? हाताळणारे हाताळतील.”

हाताळणारे. म्हणजे कोण, हे त्यांना पक्कं माहीत होतं. मला तेव्हा कळलं. बाला मी जे सांगितलं ते अर्धंच होतं. गणितात कुणी उतरत नाही, पण गणित संपल्यावर कुणाला तरी उतरवतात. आणि वर कागदावर कुणीतरी ‘सुरक्षित’ लिहिलेलं असतं, म्हणून बांधावरच्या माणसाला बिनघोर हुरडा खाता येतो.

मी त्यांच्यासमोर ती ओळ खोडली. खाली लिहिलं, हाताळण्याबद्दल या गणितावरून काहीही सांगता येत नाही.

सरांनी सही केली नाही. अजून केलेली नाही. मी जालन्यात बारावीच्या शिकवण्या घेतो. माझ्या मागून आलेली पोरं डॉक्टर झाली, प्राध्यापक झाली. चीड येते. रोज येते. आई म्हणते, “येक वळ लिव्हली असती तं काय बिघडलं असतं?” बा आवाजाच्या दिशेनं तोंड करून बसतो.

दर वर्षी मी प्रबंध घेऊन सरांच्या दारात जातो. तसाच, खोडलेल्या ओळीसह. ते म्हणतात, ओळ घाल. मी घालत नाही. पुढच्या वर्षीही जाणार आहे, आणि पुढच्याही वर्षी घालणार नाही. सही मिळो न मिळो. माझ्या कागदावर भरवसा ठेवून कुणाचा बाप खाली उतरणार नाही.