दुसऱ्या माणसाची सही

माझ्या थोरल्या बहिणीची सही मी केली. खोटी, आणि तीही ती जाऊन पाच महिने झाल्यावर. छत्तीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईनं हे सांगावं म्हणजे लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. प्रगतिपुस्तकावर बापाची सही ठोकून आणणारी पोरं मी नुसत्या एका वेलांटीवरून ओळखायचे आणि दुसऱ्या दिवशी बापालाच शाळेत बोलवायचे. पण एका कुत्रीसाठी मी ते केलं, आणि कसं केलं ते लिहून ठेवते.

आम्ही दोघी बहिणी, दोघीही बिनलग्नाच्या. ती पोस्टात, मी शाळेत. कोल्हापुरात राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावरचं घर दोघींनी मिळून घेतलं आणि तिथं तीस वर्षं भांडत राहिलो. भांडण म्हणजे तरी काय, आमटीत चिंच की आमसूल आणि पंखा दोनवर की तीनवर. श्रावणात ती गेली. त्यानंतर पंखा मला हवा तितका फिरवता येऊ लागला आणि मी तो लावायचाच विसरू लागले.

बाहेर पडताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. पण ते म्हणायला घरात कुणीतरी लागतं, हे मला अडुसष्टाव्या वर्षी कळलं. मी गप्प कुलूप लावायचे आणि गप्प जिना उतरायचे. एका सकाळी दूधवाल्याशी बोलायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. मग लक्षात आलं, आदल्या दिवशी मी एक शब्दही बोलले नव्हते. ओळखीचे सांगायचे, भजनी मंडळात या, हास्यक्लबात या. मला टाळ्या वाजवून हसता येत नाही.

कुत्र्याचं डोक्यात आलं ते रंकाळ्यावर. कुत्रं बरोबर असलेला माणूस मोठमोठ्यानं बोलत चालतो आणि त्याला कुणी वेडा म्हणत नाही, हे मी बघत होते. मला तेवढंच हवं होतं. भूतदया वगैरे नंतरची गोष्ट.

गगनबावड्याच्या रस्त्याला, शहर संपतं तिथं, एक प्राण्यांचा आश्रम आहे. जानेवारीचे दिवस, रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. रिक्षावाल्यानं तिथं सोडताना विचारलं, "कुत्रं सोडायचं हाय का न्यायचं हाय?" न्यायचंय म्हटल्यावर म्हणाला, "मग बरं. सोडाय येत्यात त्यास्नी मी परत नेत न्हाय."

आश्रम चालवणारे गृहस्थ राधानगरीकडचे, पन्नाशीचे. पूर्वी म्हशी पाळायचे, आता ही साठ-सत्तर कुत्री. हातात भाताचं पातेलं धरूनच ते माझ्याशी बोलले. मी पिल्लू मागितलं.

"पिल्लू न्हाय मिळायचं, बाई."

"का?"

"पिल्लू बारा-पंधरा वर्सं जगतंय. तुमचं वय किती?"

"अडुसष्ट."

"मग करा की बेरीज. राग मानू नगासा, पर तुमच्या मागारी ते परत हितंच येनार."

मला राग आलाच. पण बेरीज बरोबर होती.

मग त्यांनी मला कोपऱ्यातल्या एका तांबूस कुत्रीजवळ नेलं. वय आठ-नऊ, एक कान फाटलेला. मालकांनी नवा फ्लॅट घेतला, त्यात तिची सोय नव्हती, म्हणून आणून सोडली. तेव्हापासून ती भिंतीकडं तोंड करून पडून होती. माणूस आलं तरी मान वळवायची नाही. मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी वर्गातल्या आवाजात म्हटलं, "ए, ऊठ." आजूबाजूची दहा-बारा कुत्री भुंकायची थांबली. ती उठली, हळूच आली आणि माझ्या निऱ्यांवर बूड टेकून बसली. तिच्या अंगाची ऊब पायाला लागली. श्रावणापासून मला कुणी टेकून बसलं नव्हतं.

"जमलं की," गृहस्थ म्हणाले आणि एक कागद काढला. त्यावर माझं नाव, पत्ता, फोन; आणि खाली दुसरी चौकट: जबाबदारी घेणारं दुसरं माणूस. नाव, नातं, फोन, सही. साठीच्या पुढच्यांना ही चौकट भरल्याशिवाय ते कुत्रं देत नाहीत. "घरात कोन हाय दुसरं?" त्यांनी विचारलं.

"बहीण आहे," मी म्हटलं. "सही घेऊन येते."

'आहे' हा शब्द माझ्या तोंडून सहज गेला. तो परत घ्यावा असं मला एकदाही वाटलं नाही.

घरी येऊन तिचं नाव लिहिलं, तिचा नंबर लिहिला आणि सही केली. पोस्टात रोज शेकडो सह्या करून तिची सही घासून एका फटकाऱ्याची झाली होती. मला ती पहिल्या झटक्यात जमली. दुसऱ्या दिवशी कागद देऊन आले. ते म्हणाले, कळवतो.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला बहिणीचा फोन वाजला. तो मी बंद केला नव्हता. रोज चार्ज करून तिच्या चष्म्याच्या घराशेजारी ठेवत होते. चोराच्या मनात चांदणं, मला लगेच कळलं कोण असणार. वाजू द्यायचा होता. पण मी उचलला आणि "हॅलो" म्हटलं ते तिच्यासारखं, शेवट जरा लांबवून.

"भैनीनं तुमचा नंबर दिलाय," ते म्हणाले. "कुत्रीला तुमची हरकत न्हाई न्हवं?"

"नाही, नाही. आणू दे तिला."

"बाईंना झेपंल का? लई कडक वाटल्या."

"कडक आहे," मी म्हटलं. तिच्या आवाजात बोलताना मला बरं वाटायला लागलं होतं, हे खोटं का सांगू. "पण मनात काही ठेवत नाही ती. माझ्या आजारपणात चार महिने तिनं माझं सगळं केलं. एकदासुद्धा कंटाळली नाही. तिला कुणाचं तरी करायची सवय आहे. मी होते तोवर बरं होतं हो. आता दिवसभर ती कुणाशी बोलत नाही."

पलीकडं नुसती कुत्री भुंकत होती. माझ्या लक्षात आलं तेव्हा वाक्य होऊन गेलं होतं.

"बाई," ते म्हणाले, आवाज जरा खाली आणून. "भैनीला जाऊन किती दिस झालं?"

"पाच महिने."

"मग सही कुनाची?"

"माझीच."

ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "मागल्या साली एक आजोबा घरातच वारलं. कुनाला पत्त्या न्हाय. चार दिसांनी दार फोडलं तवा कुत्रं त्यांच्या उशाला बसल्यालं, पान्याबिगर. मला सही नको, बाई. सकाळी तुमचं दार वाजवंल आसं एक मानूस पायजे. शनवारपतुर आना आन् कुत्री न्या. न्हायतर एक मळेवाला मागतोय तिला राखनीला. त्यो साखळीला बांधनार, ते मला बी म्हाईत हाय. पर त्येच्या घरात आठ मानसं हायती."

फोन ठेवून मी रडले. बहिणीच्या तेराव्याला आलेल्या लोकांना चहा देत होते, तेव्हा डोळ्यांत टिपूस नव्हतं. आता खुर्चीत बसून मोठ्यानं रडले. दार वाजवणारं एक माणूस. निपाणीचा भाचा व्हिडिओ कॉल करीन म्हणाला असता. शाळेतली एकच मैत्रीण उरलेली, तिला जिना चढवत नाही. हजारो मुलं माझ्या हाताखालून गेली, रस्त्यात वाकून नमस्कार करतात, पण सकाळी उठून कुणाचं दार वाजवायचं तर ते त्यांच्या आईचं.

शुक्रवारी संध्याकाळी मी एक मजला उतरून खालच्या बाईंचं दार वाजवलं. चाळिशीच्या आहेत, बँकेत नोकरी, नवरा बदलीच्या गावी. जिन्याखाली स्कूटर लावतात म्हणून मी त्यांना एकदा वर्गात उभं करावं तसं झापलं होतं. तेव्हापासून आम्ही एकमेकींना बघून नुसती मान हलवत होतो. मी दारातच उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. आजोबांचंही सांगितलं, खोट्या सहीचंही.

"एवढंच व्हय?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं स्कूटरचंच काढताय परत. ऑफिसला जाताना वाजवीन की. त्याला काय हुतंय?"

मी तशाच चौकटी आखलेला नवा कागद काढला, पेन टेकवलं आणि थांबले. सहा वर्षं ही बाई माझ्या पायाखालच्या घरात राहत होती आणि मला तिचं नाव ठाऊक नव्हतं. पन्नास पोरांची हजेरी तोंडपाठ घेणारी मी. मान खाली घालून विचारलं. त्यांनी सांगितलं, आणि मग म्हणाल्या, "तुमचं पण मला म्हाईत न्हाई हो. आमच्या घरात तुम्ही वरच्या बाई." सही केली, आणि त्या शेजारच्या रकान्यावर अडल्या. "नातं काय लिहू?" दोघींनाही सुचेना. तो तसाच कोरा ठेवला. शनिवारी आश्रमातल्या गृहस्थांनी त्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं, माझ्याकडं बघितलं आणि कुत्रीच्या गळ्यातली दोरी माझ्या हातात दिली.

कुत्री घरात आली. पहिले दोन दिवस बहिणीच्या पलंगाखाली बसून राहिली, तिसऱ्या दिवशी दूधभात खाल्ला. मी तिच्याशी बोलते, पूर्ण वाक्यांत, व्याकरणासकट. ती ऐकते असं वाटतं. रोज सव्वानऊला दारावर दोन टकटक होतात, ती भुंकते, मी आतून ओरडते, "हाय, हाय, जिवंत हाय." खालच्या बाई हसतात आणि स्कूटरची किल्ली वाजवत उतरतात. माणसाशी होणारं माझं दिवसातलं बोलणं बहुतेक तेवढंच असतं.

दुसऱ्या रविवारी टकटक होणार नव्हती. खालच्या बाई आदल्या संध्याकाळीच नवऱ्याकडं गेल्या होत्या. जाताना मला सांगूनही गेल्या होत्या. तरी सव्वानऊला कुत्री उठून दारापाशी जाऊन बसली. मी तिच्याशेजारी खुर्ची ओढली. "आज यायची नाही गं ती," मी तिला सांगितलं. ती कान उभा करून दाराकडंच बघत राहिली. खरं सांगायचं तर मीही बघत होते. जिन्यात कुणाची तरी चप्पल वाजली आणि दोघींनी एकदमच मान वर केली. ती चप्पल वरच्या मजल्यावर गेली. साडेदहा वाजून गेले तरी आम्ही तशाच बसलो होतो, आणि मग भूक लागली म्हणून मी भाताला पाणी ठेवलं.