मंडईचा मेसेज

“तीन ओ लिवा जी, गुरुजी. दोनानं आयकू नाही जात.”

भाऊंचा मेसेज असा सुरू व्हायचा. त्यांच्या साध्या मोबाईलमध्ये मराठी अक्षरं नव्हती, म्हणून मी इंग्रजी अक्षरांत मराठी बडवत बसायचो आणि ते शेजारी उकिडवे बसून माझ्या अंगठ्याकडे बघत राहायचे. मेसेज वाचतात, ऐकत नाहीत, हे मी त्यांना कितीदा सांगितलं असेल. ते मान डोलवायचे आणि पुन्हा तीन ओ लिहायला लावायचे.

सवयच तशी होती. भाऊ वैनगंगेवर डोंगा चालवायचे, आणि डोंगा सुटायच्या आधी तोंडाशी हात धरून त्यांनी दिलेली ‘ओऽऽ’ अशी हाक पार पलीकडच्या वावरात ऐकू जायची म्हणे. मी ती कधी ऐकली नाही. गोसीखुर्द धरणाचं पाणी चढलं, गाव गेलं, घाट गेला, आणि त्यानंतर पुनर्वसनाच्या वसाहतीतल्या शाळेवर माझी बदली झाली. तिथून नदी दिसतसुद्धा नाही.

वसाहतीत अर्धंच गाव आलं होतं. बाकीचे कोणी अड्याळला, कोणी मोहाडीला सासऱ्याकडे, कोणी पार नागपुरात. भाऊंनी मात्र एकेकाला गाठून सगळ्यांचे नंबर मिळवले. जो तो कधी ना कधी त्यांच्या डोंग्यात बसलेला, नाही कोण म्हणणार?

तुम्ही आमच्याकडचे असाल तर मंडई काय ते सांगायला नको. दिवाळी झाली की गावोगावची मंडई लागते. लेकी-जावई येतात, दिवसा दंडार नाचते, सोयरिकी जमतात. पूर्वी आवतण द्यावं लागत नसे. दिवस ठरलेला, लोक आपसूक यायचे. आता आवतण देऊनही येतील की नाही, याचाच भाऊंना घोर. “घर बुडलं, वावर बुडलं. मंडई मोडली का गाव मोडलं, जी,” असं ते म्हणायचे, आणि त्यात त्यांना काही मोठं बोलतोय असं वाटत नसे.

पहिल्या वर्षी बऱ्यापैकी लोक आले. दुसऱ्या वर्षी निम्मे. मग भाऊंनी मेसेजचं शास्त्रच बसवलं. दिवाळीच्या दिवसांत कंपनी मेसेजचे जादा पैसे कापायची, म्हणून पहिला मेसेज धनत्रयोदशीच्या आधी. दुसरा मंडईच्या दोन दिवस आधी. तिसरा त्याच दिवशी सकाळी, माणूस आंघोळ करून कपडे घालत असेल तेव्हा. पुढे त्यांना वाटलं, सगळ्यांना एकच मेसेज पाठवतो म्हणून कोणाला आपलेपणा वाटत नाही. झालं, प्रत्येकाला वेगळा मजकूर! एकाला त्याच्या बापाच्या भजनातल्या पेटीची आठवण द्यायची, दुसऱ्याला सांगायचं की लहानपणी डोंग्यातून पाण्यात पडलास तेव्हा तुला कोणी काढलं. मी वैतागायचो. भाऊ, हे आवतण आहे की दमदाटी, असं विचारलं की ते खुदकन हसायचे आणि पुढचं नाव सांगायचे.

उत्तरं यायची. बहुतेक एकाच शब्दाची. मी वाचून दाखवायचो, “येतो.” भाऊ आत वहिनींना ओरडून सांगायचे, “येतो म्हनलन व!” आणि वहिनी मूठभर तांदूळ वाढवायच्या. संध्याकाळी तो भात वसाहतीतली गुरं खायची.

मग एका पावसाळ्यात गावची सगळ्यात म्हातारी बाई वारली. मेसेज मीच लिहिला, एका ओळीचा. दुपारपर्यंत वसाहतीतला रस्ता माणसांनी भरला. नागपूरचे आले, मोहाडीचे आले. ज्यांनी तीन दिवाळ्या नुसतं ‘येतो’ लिहिलं होतं, ते सगळ्यांत आधी आले. प्रेत उचलण्याआधी लोक एकमेकांच्या पोरांच्या तोंडावरून हात फिरवत होते, कोण कुठे राहतं ते विचारत होते. भाऊ एका बाजूला उभे राहून ते पाहत होते. दुःखाच्या जागी त्यांचा चेहरा उजळला होता. ते त्यांनाही कळलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली.

“मयतीले येतेत, गुरुजी,” ते मला म्हणाले. “मंडईले काहून येत नाही?”

मी शिक्षक. उत्तरं देण्याचा माझा धंदा. मी खाली बघून आलेल्यांचे नवे नंबर मोबाईलमध्ये भरत बसलो.

त्या दिवाळीला ते मोबाईल घेऊन आले आणि खाटेवर बसून शांतपणे म्हणाले, “अवंदा मी मेलो म्हनून लिवा.”

मला आधी हसू आलं. मग त्यांच्याकडे पाहिलं आणि संताप आला. असलं अभद्र मी लिहिणार नाही, आणि लोक येऊन तुम्हाला जिवंत पाहतील तेव्हा जोडे मारतील, असं बरंच काही मी बोललो. ते म्हणाले, “मारतीन. पन येतीन ना.” तरीही मी लिहिलं नाही. नेहमीचाच मेसेज गेला. दंडारवाले पोटभर नाचले आणि समोर भाऊ, वहिनी, मी आणि शेजारची चार घरं. दंडारीच्या पुढाऱ्यानं जाताना भाऊंचे पाय धरले.

वैशाखात भाऊ तापानं गेले.

वहिनींनी मोबाईल माझ्या हातात दिला. मी एक ओळ लिहिली, आणि सगळे आले. मैदान पुरेना. माणसं ढसाढसा रडली. ते रडणं खोटं नव्हतं, हे मी पाहिलंय. घरी परतण्याआधी सगळ्यांनी मिळून ठरवलं की काही झालं तरी यंदाची मंडई धूमधडाक्यात करायची, भाऊंसाठी करायची.

दिवाळी झाली. त्यांच्याच पद्धतीनं मी तिन्ही मेसेज पाठवले. सकाळी गेलो तर वहिनींनी मैदान झाडून ठेवलं होतं. चुलीवर मोठं गंज भरून भात, झिंग्यांची भाजी. ऊन डोक्यावर आलं. मग कललं. शेजारची चार घरं येऊन जेवून गेली. मोबाईलवर अजूनही कोणाचं तरी ‘येतो’ येत होतं. ते वहिनींना वाचून दाखवायची मला लाज वाटली.

वहिनींनी माझं ताट वाढलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, हेच मला अजून सोसत नाही.

“जेवा जी, गुरुजी. नका पाहू वाट,” त्या म्हणाल्या. “आता मी हाये ना. माह्या मयतीले येतीन सप्पा लोक.”