तुझं तू सांग

माझ्या लेकीला बोलायची घाई कधीच नव्हती. अडीच वर्षांची होईपर्यंत ती पाच-सहा शब्दांवर भागवत होती. नाशिकहून सासूबाई दर शुक्रवारी फोनवर विचारायच्या, "बोलायला लागली का गं?" मी म्हणायचे, "बोलते हो, पण मोजून." माझ्या तोंडाचा पट्टा सकाळी सुरू झाला की झोपेपर्यंत थांबत नाही, त्यामुळे हे ध्यान नक्की कुणावर गेलं यावर घरात बराच खल झाला.

मग ती बोलायला लागली, आणि वाटलं, गप्प होती तेच बरं होतं. बाईसाहेबांनी खरं बोलण्याचा ठेकाच घेतलेला. एका हळदीकुंकवाला यजमानीणबाईंनी कौतुकाने विचारलं, "डाळ आवडली का गं?" तर म्हणाली, "आई म्हणाली होती, तुमच्याकडे येताना घरून थोडं जेवून निघायचं." धरणी दुभंगली असती तर मी पर्ससकट आत गेले असते.

पाच वर्षांची असताना तिने एका पोराला ढकललं. मी म्हटलं, सॉरी म्हण. ही ठोंब्यासारखी उभी. दटावलं, डोळे वटारले, तरी नाही. शेवटी शांतपणे म्हणाली, "मला अजून सॉरी वाटत नाहीये. वाटलं की म्हणते." दुसऱ्या दिवशी शाळेतून आली, दप्तर ठेवलं आणि आपली आपण जाऊन म्हणून आली. मी तिला हट्टी म्हणायचे. शब्द चुकीचा होता, पण तेव्हा माझ्याकडे दुसरा नव्हता.

आम्ही आखातात, महबूल्याला राहतो. नवरा तेलाच्या कंपनीत, शिफ्ट ड्यूटीवर, आठवड्यातले निम्मे दिवस साइटवर. मी एका ऑफिसात अकाउंट्स बघते, तिथे हिंदी-इंग्रजीवर सगळं निभतं. बारा वर्षं झाली इथे येऊन, आणि माझं अरबी म्हणजे यल्ला, खलास आणि शुक्रन; चल, संपलं आणि आभार. लेक मात्र समोरच्या इजिप्शियन घरात वाढली. त्यांची मुलगी हिच्याच वयाची, दारं दिवसभर उघडी. सात वर्षांची होईतो ही असं अरबी बोलायला लागली की बेकरीवाला काउंटरवरून वाकून बघायचा. मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देणारी ही कार्टी अरबी बोलताना मात्र एकदम पोक्त, अदबशीर व्हायची.

तिचा खास दोस्त म्हणजे आमच्या इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार. तोही इजिप्तचा, साठीचा, जिन्याखालच्या खोलीत राहणारा. ती त्याला अम्मो म्हणते, म्हणजे काका. रोज सकाळी दोघांचा सोहळा असायचा. कशी आहेस, तब्येत कशी, घरचे कसे, झोप लागली का. ती एकेका प्रश्नाला थांबून, विचार करून उत्तर देणार आणि मग उलट तेच सगळं त्याला विचारणार. मी मागून ओरडायचे, "अगं चल गं बये, बस निघून जाईल!"

आणि मी तिला वापरायचे. दुसरा शब्द नाही. प्लंबर आला, ये गं सांग. दवाखान्यात, दुकानात, ये गं सांग. ती मुकाट्याने यायची आणि माझं बोलणं जणू तिचंच असल्यासारखं त्या माणसाशी बोलायची. मला फार भारी वाटायचं. नऊ वर्षांची माझी पोर आणि सगळ्या दुनियेशी बोलते!

गेल्या वर्षीचा तो गुरुवार. संध्याकाळी आम्ही दोघी जमईयातून, म्हणजे इथल्या सहकारी भांडारातून, सामान घेऊन आलो. इमारतीशेजारच्या वाळूच्या मोकळ्या जागेत सगळे गाड्या लावतात, कशाही. मी रिव्हर्स घेत होते, फोन वाजत होता, आणि मागे कड् असा आवाज झाला. उतरून बघते तर पांढऱ्या गाडीचा पुढचा दिवा फुटलेला. माझ्या गाडीला नुसता ओरखडा.

मी आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. इथे लायसन्स मिळवायला मी काय काय केलं होतं ते मला माहीत. पोलीस, रिपोर्ट, लायसन्स गेलं तर नोकरीवर जायचं कसं... हे सगळं एका क्षणात डोक्यात आलं, आणि मी गाडीत बसले, पुढे घेतली आणि इमारतीच्या पलीकडच्या बाजूला नेऊन लावली. मागच्या सीटवरून ती म्हणाली, "आई, लाइट तुटला." मी म्हटलं, "काही नाही झालं. तू बोलू नकोस."

दारात अम्मो होता. त्याने नेहमीसारखा आमचा पाण्याच्या बाटल्यांचा खोका उचलून वर आणून दिला. लेक त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. मी आपली शुक्रन, शुक्रन करत दार लावून घेतलं.

तासाभराने बेल वाजली. दारात तिसऱ्या मजल्यावरचे सीरियन गृहस्थ, कुठल्याशा शाळेत शिकवणारे, आणि त्यांच्या मागे अम्मो. ते घरोघर विचारत फिरत होते. त्यांना इंग्रजी जेमतेम, मला अरबी नाही. मी लेकीला खांद्याला धरून पुढे ओढलं आणि म्हटलं, "सांग त्यांना, आज आम्ही गाडी बाहेर काढलीच नाही."

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला नीट समजलं नसेल तर पुन्हा सांग, असं काहीसं होतं त्या नजरेत. मी तिचा दंड जरा जोरात दाबला. "सांग ना!"

तिने सांगितलं. आणि कसं सांगितलं! सावकाश, स्वच्छ, सगळ्या अदबीसकट. शेवटी स्वतःहून एक वाक्य जोडलं. ते मी नंतर तिला विचारलं, "देव तुमचं भरून देवो" असा त्याचा अर्थ होता. ते गृहस्थ विरघळलेच. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मागे अम्मो उभा होता. तासापूर्वी आमच्या सामानाचा खोका ज्याने वर आणला, तो माणूस. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिच्याकडे बघितलं, आणि त्या गृहस्थांना हाताने वरच्या मजल्याची खूण केली.

माझा जीव भांड्यात पडला. आता खरी लाजेची गोष्ट सांगते. मी लगेच नवऱ्याला साइटवर फोन लावला आणि हसत हसत म्हटलं, "अहो, काय बोलली माहितेय पोर! तो मास्तर पार गारच!" तोही हसला. "शेवटी लेक कुणाची," म्हणाला. ती तिथेच सोफ्यावर बसून ऐकत होती.

तेवढ्यात खालून आरडाओरडा ऐकू आला. मी खिडकी उघडली. ते गृहस्थ हात नाचवत अम्मोवर ओरडत होते, आणि तो खाली मान घालून उभा होता. मला एक अक्षर कळलं नाही. "काय म्हणतायत गं?"

"म्हणतायत, तू दिवसभर इथे बसून करतोस काय. आंधळा आहेस का. मालकाला सांगून तुला काढून टाकतो." तिने सगळं जसंच्या तसं सांगितलं आणि आत निघून गेली.

त्या दिवसापासून तिने मागचा जिना धरला. पाच मजले उतरायची, चढायची, धापा टाकत यायची, पण अम्मोसमोरून जायची नाही. तो मला हातानेच विचारायचा, छोटी कुठे? मी हसून काहीतरी हातवारे करायचे. आठ-दहा दिवस मी हे बघितलं आणि एक दिवस भडकलेच. "काय नखरे आहेत हे? त्या माणसाने तुझं काय घोडं मारलंय? साधी ओळख द्यायला काय जातं तुझं?"

ती बुटाची लेस बांधत होती. वर न बघता म्हणाली, "तो विचारणार, कशी आहेस. मला म्हणावं लागणार, बरी आहे. ते पण खोटंच ना?"

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. कारण तिने मला खोटारडी म्हटलं नव्हतं. ती स्वतःला म्हणत होती.

संध्याकाळी मी म्हटलं, "चल, आपण तिसऱ्या मजल्यावर जाऊ. खरं सांगून टाकू. तू फक्त..."

"नो," ती म्हणाली. मग मराठीत, मला नीट कळावं म्हणून, "तुझं तू सांग."

गेले एकटी. आधी खाली जाऊन अम्मोला हाताने खूण करून बरोबर घेतलं. दार उघडल्यावर मी माझ्या गाडीची किल्ली दाखवली, छातीवर हात ठेवला आणि म्हटलं, "अना. सय्यारा. अना." मी. गाडी. मी. मग अम्मोकडे बोट दाखवून जोरजोरात मान हलवली, याचा दोष नाही, नाही. अकरा वर्षं या देशात काढलेली, हाताखाली चार माणसं असलेली बाई मी, तान्ह्या पोरासारखी खाणाखुणा करत उभी होते. त्या गृहस्थांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ते चिडले नाहीत. त्यांनी हाताने एवढीशी उंची दाखवली, माझ्या मुलीएवढी, आणि कपाळाला हात लावला. त्याला भाषांतर लागत नाही.

दिव्याचं भरून दिलं. त्यांनी अम्मोची माफी मागितली, माझ्यासमोर. लेकीने दुसऱ्याच दिवशी मागचा जिना सोडला. मला वाटलं, चला, सुटलो.

परवा पुन्हा पाण्याचे खोके घेऊन आलो. दारातच दोघांचं सुरू झालं, तब्येत कशी, घरचे कसे. मी घाईत होते. म्हटलं, "अगं, त्यांना सांग, खोके लिफ्टपाशीच राहू देत, मी नेते वर." ती त्याच्याकडे वळली आणि आधी दोन शब्द म्हणाली, मग माझा निरोप सांगितला.

हे ती हल्ली दरवेळी करते. बेकरीत, दवाखान्यात, प्लंबरपाशी. माझं काहीही सांगायचं असलं की आधी म्हणते, "माझी आई म्हणते." पूर्वी असं काही लावायची नाही. स्वतःचं बोलायला मात्र तिला आजही ते लागत नाही.

लिफ्टमध्ये मी विचारलं, "हे मध्ये कशाला घालतेस गं दरवेळी?"

"म्हणजे त्यांना कळेल ना, कोण बोलतंय," ती म्हणाली. रागाने नाही. रागाने म्हणाली असती तर मी ओरडले तरी असते. तिने पाचचं बटण दाबलं आणि दाराकडे बघत उभी राहिली.

बारा वर्षांत मला अरबीतलं तेवढंच एक वाक्य अख्खं पाठ झालंय. ते कानावर पडलं की मी खाली बघते.