परीक्षा होईपर्यंत सांगू नका

माझे वडील गेले तेव्हा माझ्या मुलाची चौथीची स्कॉलरशिप सहा दिवसांवर आली होती.

सोमवारी दुपारी भावाचा फोन ऑफिसात आला. मी बेलापूरला एका सरकारी कार्यालयात कारकून होते. फोन साहेबांच्या टेबलावर असायचा, त्यामुळे रडणंसुद्धा उभ्याउभ्या आणि आवाज न करता उरकावं लागलं. पदराने तोंड पुसलं आणि पहिला विचार मनात आला तो मुलाचा. त्याला कळलं तर तो बसणारच नाही पेपरला. आजोबा म्हणजे त्याचा जीव होता. मे महिन्यात साताऱ्याकडच्या आमच्या गावी गेला की पोरगं महिनाभर त्यांच्याच अंथरुणात झोपायचं.

मिस्टर कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका व्यापाऱ्याकडे हिशेबनीस होते. त्यांना फोन केला, म्हटलं, "तुम्ही रजा घेऊन घरी थांबा. मी एकटीच जाते. परीक्षा होईपर्यंत त्याला काही सांगू नका."

ते म्हणाले, "अगं, पण शेवटचं तोंड तरी बघू दे त्याला."

"सहा दिवसांवर परीक्षा आलीये," मी म्हणाले. आमच्या घरात त्या वर्षी या वाक्यापुढे कुणाचंच काही चालायचं नाही.

मुलाला सांगितलं, ऑफिसच्या ट्रेनिंगला पुण्याला जातेय. त्याने विचारलं, "किती दिवस?" मी म्हटलं, तीन. जाण्याआधी तीन दिवसांच्या सहा प्रश्नपत्रिका काढून ठेवल्या, प्रत्येकीवर वार आणि वेळ लिहिली. तिकडे बाप गेलेला, एसटी गाठायची होती, आणि मी पेन्सिलींना टोक करत बसले होते. हे मी कुणाला आजवर सांगितलेलं नाही.

हे वेड माझ्यात कुठून आलं, ते सांगायला हवं. मी स्वतः चौथीत असताना गणिताच्या पेपरच्या दिवशी वडिलांनी मला बैल घेऊन बाजाराला नेलं. परीक्षा आहे हे त्यांना माहीत नव्हतं, आणि मला सांगायचा धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी मला व्हरांड्यात बसवून तोच पेपर लिहायला दिला. मी पास झाले. कुणाचं काही बिघडलं नाही. पण मोठी झाल्यावर, ऑफिसात माझ्या मागून आलेल्या मुली वरच्या खुर्चीवर जाऊ लागल्या तसा तो बाजाराचा दिवस मला आठवायला लागला. वाटायचं, घरात कुणाला माझ्या शाळेची कदर असती तर मीही कुठे पोचले असते. तो राग मी वडिलांवर काढू शकले नाही. त्यांच्या नातवावर काढला. त्याचं खाली खेळायला जाणं बंद केलं, केबल काढून टाकली. रंगीत खडूंची पेटी कपाटावर ठेवली, कारण स्कॉलरशिपला चित्रकला नव्हती.

गावाला सगळ्यांनी विचारलं, पोरगा कुठाय? मी सांगितलं, तापाने आजारी आहे. सावडणं झाल्यावर गुरुवारी परत निघाले. आईने थांब म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. कळंबोलीला उतरले, रिक्षाने जुईनगरला घरी आले, अंघोळ केली आणि बुद्धिमत्ता चाचणीचं पुस्तक उघडून मुलाला समोर बसवलं.

नात्यांचे प्रश्न चालू होते. एका फोटोकडे बोट दाखवून मुलगा म्हणतो, हे माझ्या आईच्या वडिलांचे एकुलते एक चिरंजीव, तर ते त्याचे कोण? त्याने पटकन 'मामा'वर खूण केली. मग पुस्तकातून मान वर न काढता म्हणाला, "आई, आजोबांनी माझ्यासाठी हरभऱ्याचे डहाळे ठेवले असतील ना? रविवारी पेपर झाला की जायचं का आपण?"

"आधी पेपर," मी म्हणाले. "पुढचा प्रश्न वाच."

रविवारी पेपर झाला. परीक्षेच्या शाळेतून घरी येताना रिक्षात मी त्याला सांगितलं. कसं सांगायचं याची आठवडाभर जुळवाजुळव केली होती, पण तोंडातून निघालं एवढंच, "आजोबा गेले रे."

त्याने विचारलं, "कधी?"

"सोमवारी."

तो बाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे तू पुण्याला गेली नव्हतीस." रडला नाही. घरी येऊन बूट काढले, जागेवर ठेवले आणि उत्तरं जुळवून बघायला प्रश्नपत्रिका माझ्यापुढे आणून ठेवली.

त्याला स्कॉलरशिप मिळाली. शाळेच्या फळ्यावर रंगीत खडूने त्याचं नाव लिहिलं गेलं, मी ऑफिसभर पेढे वाटले. गावी गेले तेव्हा आईच्या हातावरही पेढा ठेवला. तिने तो तसाच परत केला. म्हणाली, "लेकराला शेवटचं तोंडबी दावलं नाहीस. तुझा पेढा तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे."

आता तो मुलगा इंजिनीअर आहे. उलव्याला चौदाव्या मजल्यावर त्याचा फ्लॅट आहे. सूनही नोकरी करते. मिस्टर गेल्यावर मी जुईनगरचं घर कुलूप लावून बहुतेक दिवस त्यांच्याकडे असते, कारण नात दुसरीत आहे आणि दुपारी तिला घरात कुणीतरी लागतं.

दुसरीला परीक्षा नसते म्हणे. नातीच्या शाळेत परीक्षेला असेसमेंट म्हणतात. फ्रिजवर एक पांढरा बोर्ड आहे, त्यावर सुनेने महिन्याचं वेळापत्रक लिहिलेलं असतं: असेसमेंट, ऑलिम्पियाड, अबॅकस, स्पेलिंगची स्पर्धा. रिकामा चौकोन दिसला की सून त्यात 'रिव्हिजन' लिहिते. सून वाईट नाही. ती थकून येते, तरी मांडी घालून मुलीशेजारी बसते, आवाज चढवत नाही. माझा चढायचा. पण पोर शाळेतून आली की दप्तर उतरवायच्या आधी सांगते, "आजी, मला तेवीस. हायेस्ट पंचवीस आहे, दोघांना." तिच्या सगळ्या फ्रॉकच्या कॉलरी चावून चावून मऊ झाल्यात.

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. सकाळी सून लवकर गेली होती, मुलगा आतल्या खोलीत फोनवर बोलत होता. मी डबा भरत होते. नात युनिफॉर्म घालून स्वयंपाकघरात आली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "आजी, मला ते गुलाबी औषध दे ना. पण पप्पांना सांगू नको."

"काय होतंय गं?"

"काही नाही. गरम वाटतंय. आज मॅथ्स आहे."

कपाळाला हात लावला. चांगलाच ताप होता. कुठलीही शहाणी बाई त्याच क्षणी मुलाला हाक मारेल, पोरीला गादीवर निजवेल. मी झाकण भरून औषध दिलं, तिचं तोंड पुसलं आणि म्हणाले, "पाणी पीत राहा. अवघड असेल ते शेवटी सोडव." एवढ्या वर्षांत मला वाटत होतं की मी बदलले. शाळेच्या बसमध्ये बसल्यावर तिने काचेतून हात हलवला, मीही हलवला.

अकराच्या सुमाराला शाळेतून फोन आला. मुलगा तोवर ऑफिसला निघून गेला होता. मी रिक्षा करून गेले. शाळेच्या आजारी मुलांच्या खोलीत ती पलंगावर पडली होती, फ्रॉकवर उलटीचे डाग. तिच्या बाई, वयाने माझ्या सुनेएवढ्याच, कावऱ्याबावऱ्या झाल्या होत्या. म्हणाल्या, "आजी, ती पेपर सोडायलाच तयार नव्हती. उलटी झाल्यावर पहिलं काय विचारलं माहितीये? माझा पेपर खराब झाला का?"

मला बघून नात रडायला लागली. मला वाटलं पोट दुखतंय. ती म्हणाली, "आजी, शेवटचं पान राहिलं."

डॉक्टरांनी ताप बघितला, एकशे तीन. घसा सुजला होता. त्यांनी विचारलं, सकाळी काही औषध दिलं होतं का. मी म्हटलं, हो, मी दिलं. ते लिहायचे थांबले, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा लिहायला लागले.

संध्याकाळी मुलगा लवकर आला. पोर झोपली होती. सून तिच्या उशाशी बसली होती. मी मुलाला चहा दिला आणि सकाळचं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मग जे इतकी वर्षं बोलले नव्हते तेही बोलले. "तुझ्या वेळी मी चुकले रे. आजोबा गेलेले तुला सांगितलं नाही. फार मोठी चूक केली. तू तिच्याबाबतीत तसं करू नकोस."

मला वाटलं होतं तो चिडेल, निदान इतक्या वर्षांचं काहीतरी बाहेर काढेल. मी त्याची तयारी ठेवली होती. त्याने कप खाली ठेवला आणि तो हसला.

"आई, तू अजून ते धरून बसलीस? तू बरोबर केलंस. सांगितलं असतंस तर माझा पेपर गेला असता."

"पण आजोबा—"

"आजोबा तर गेलेच होते. मी असतो तरी काय फरक पडला असता?" तो म्हणाला. "उलट मी तर हा किस्सा टीमला सांगितला मागे. फोकस म्हणजे काय, त्यावर प्रेझेंटेशन होतं. सांगितलं, माझ्या आईने स्वतःचे वडील गेले तरी मला कळू दिलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या गं."

तो माझं कौतुक करत होता. त्याच्या डोळ्यांत खरोखरच अभिमान होता. त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्या आनंदाने ऐकल्या असत्या. डहाळ्यांची वाट बघणारं ते पोरगं कुठे गेलं, हे त्याला विचारून उपयोग नव्हता. ते कुठे गेलं ते मला माहीत होतं.

त्याच संध्याकाळी त्याने डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडून शाळेला मेल केला. शाळेने फेरपरीक्षा घ्यायचं मान्य केलं. पाचव्या दिवशी नात शाळेत गेली, आणि पंचवीसपैकी चोवीस घेऊन आली. मुलाने विचारलं, "एक कुठे गेला?" प्रेमाने, तिला मांडीवर घेऊनच विचारलं. ती त्याला वहीत गणित काढून दाखवत बसली.

मी दुसऱ्या दिवशी जुईनगरला निघून आले. तिथे पंधरा दिवस राहिले. सुनेचे फोन येत होते: आई, कधी येताय, तिला दुपारी शेजाऱ्यांकडे ठेवावं लागतंय. शेवटी गेले. राग करून कुणाचं काही बदललं नसतं, आणि पोरीला चार वाजता दार उघडायला कुणीतरी हवंच होतं.

परवा तिला शाळेच्या बसपर्यंत सोडायला निघाले होते. लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो. मी तिला म्हटलं, "हे बघ बाळा, बरं वाटत नसेल तर लपवायचं नाही. लगेच सांगायचं. परीक्षा असली तरी."

तिने मान हलवली. मग विचारलं, "मग त्या दिवशी तू का दिलंस औषध?"

तिला खरं सांगता आलं असतं. लहान आहे, पण तिला कळलं असतं. लिफ्ट खाली पोचली, दार उघडलं.

"चल," मी म्हणाले, "बस येईल."