अर्जात घातलेला निकाल

शेजारच्या सुनीताताईंच्या बचत गटाचं शाळेत जेवण शिजवायचं कंत्राट त्यांचं म्हणणं न ऐकताच रद्द झालं. मी नेटवर शोधून, असं करता येत नाही म्हणणारा न्यायालयाचा एक निकाल त्यांच्या अर्जात घातला.

आज त्या कर्जतला गटशिक्षणाधिकारी साहेबांकडे अर्ज देऊन आल्या. “कोर्टाचं नाव वाचून सायबानं अर्ज लगेच ठेवून घेतला! तू वकीलच व्हायचं होतंस गं. आता आमचं काम जात नाय.”

त्या गेल्यावर मी निकाल शेवटपर्यंत वाचला. मी त्यातून अर्जात घेतलेलं वाक्य न्यायाधीशांचं नव्हतंच. ते हरलेल्या बाजूच्या वकिलाचं होतं आणि न्यायालयाने ते फेटाळलं होतं.

साहेब उद्या निर्णय देणार आहेत. दुसरा निकाल शोधतेय, सापडत नाही. भिंतीपलीकडे ताई गटातल्या एकेकीला फोन करून आनंदाने सांगतायत. कोणत्या तोंडाने जाऊ?